महासभेत आमचा विषय मंजूर झाला की तहकूब? गॅलरीत बसूनही कळलं नाही

मैदानासमोरची

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, आधीच माफी मागते.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. सकाळी सातला सुया टोचायला सुरुवात, दुपारी तीनला सुटका. हे सांगायचं कारण एवढंच की आमच्या महापालिकेच्या महासभेसाठी मी दोनदा अर्धी रजा टाकली आणि दोन्ही वेळा रिकाम्या हाताने परत आले.

आमच्या सोसायटीसमोर खेळाच्या मैदानाचं आरक्षण असलेली मोकळी जागा आहे. मैदान म्हणण्यासारखं तिथे काही नाही. पोरं क्रिकेट खेळतात आणि पहाटे म्हातारी माणसं फेऱ्या मारतात, एवढंच. जानेवारीत निवडणूक झाली. त्याआधी इतकी वर्षं प्रशासक होते की महासभा नावाचा प्रकार असतो हे आम्ही विसरूनच गेलो होतो. मार्चमध्ये आमच्या नगरसेविकेच्या कार्यालयातल्या मुलाने विषयपत्रिकेचं एक पान व्हॉट्सॲपवर टाकलं. त्यात विषय क्रमांक 23: 'मंजूर विकास योजनेतील खेळाचे मैदान या आरक्षणापैकी काही क्षेत्र वाहनतळाकरिता दर्शविणेसाठी महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम 1966 चे कलम 37 अन्वये फेरबदलाची कार्यवाही करणेबाबत'. काही म्हणजे किती, ते त्या पानावर नव्हतं.

पहिल्यांदा गेले तेव्हा सभा अकराची होती. महापौर सव्वाबाराला आल्या. सगळे उभे राहिले, चार दिवंगतांची नावं वाचली, दोन मिनिटं शांतता, सभा तहकूब. साडेबाराला मी बसस्टॉपवर.

आठ दिवसांनी पुन्हा गेले. या वेळी पाण्यावर दीड तास चर्चा झाली आणि खरं सांगायचं तर चांगली झाली. एकाने गढूळ पाण्याची बाटली नेऊन थेट आयुक्तांच्या टेबलावर ठेवली. मग एकदम कोणीतरी भराभर वाचलं: 'सतरा ते एकोणतीस गोषवाऱ्याप्रमाणे, तेवीस उपसूचनेसह.' बाकं वाजली. मागून एक जण 'तहकूब, तहकूब' ओरडत होता. महापौरांनी घंटी वाजवली आणि राष्ट्रगीत सुरू झालं. तेरा विषय! मी पाण्याचा घोट घेऊन बाटलीचं झाकण लावलं तोवर संपले होते.

बाहेर नगरसेविकाताई भेटल्या. म्हणाल्या, 'काही होत नाही हो, काळजी करू नका.' पण काय होत नाही, ते सांगितलं नाही.

तर मंजूर झाला की तहकूब? गोषवारा आणि उपसूचना म्हणजे काय? हे लेखी कुठे मिळतं? आणि आमच्यासारख्याला त्या सभेत उभं राहून दोन वाक्यं बोलता येतात का?

चहा_घेऊन_या

मंजूर झाला समजा. बाकं वाजली ना, मग झाला. तिथे विरोध करायचा असेल तर माणूस मोकळ्या जागेत धावत येतो, राजदंड उचलतो. 'तहकूब' ओरडणारा दुसऱ्या दिवशीच्या पेपरसाठी ओरडत असतो.

निवृत्त_लघुलेखक

ताई, मी एका महापालिकेच्या नगरसचिव कार्यालयात (सभेचे कागद सांभाळणाऱ्या) 31 वर्षं काढली. त्यातली बरीचशी महापौरांच्या आसनाखालच्या टेबलावर, शीघ्रलिपीची वही मांडून. कुठली महापालिका ते सांगत नाही. वर चहा मागवणाऱ्यांनी लिहिलंय ते निम्मं बरोबर आहे. उरलेलं निम्मं तुमच्या उपयोगाचं आहे, म्हणून सविस्तर लिहितो. म्हाताऱ्याला वेळ आहे.

आधी तहकुबीचं. महापालिका अधिनियमात (1949 चा, मुंबई सोडून बाकीच्या महापालिकांना लागू असलेला) दर महिन्याला निदान एक सर्वसाधारण सभा आणि तीही 20 तारखेच्या आत घ्यायचं बंधन आहे. सभेची नोटीस सात पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. आता पक्षात एकवाक्यता नाही, डॉकेट (सभेच्या विषयांच्या कागदांचा गठ्ठा) कोणी वाचलेलं नाही, वरून निरोप आलेला नाही, पण तारीख तर गाठायची आहे. मग सभा भरवतात, श्रद्धांजली वाहतात आणि तहकूब करतात. कागदावर त्या महिन्याची सभा झाली. श्रद्धांजली खोटी असते असं मी म्हणणार नाही, माणसं खरोखरच गेलेली असतात. पण मी नोकरीला लागलो तेव्हा आमचे साहेब सकाळीच विचारायचे, 'आज कोण गेलंय ते बघा रे.' त्यातला अर्थ मला कळायला वर्ष गेलं.

पुण्यात हिला मुख्य सभा म्हणतात, नाशिक-ठाण्याकडे महासभा. कायद्यात नुसतीच महापालिकेची सभा.

आता शब्द. गोषवारा म्हणजे खात्याने विषयासोबत जोडलेली टिपणी: प्रस्ताव काय, खर्च किती, कुठल्या कलमाखाली, प्रशासनाची शिफारस काय. तो आयुक्तांच्या मान्यतेने येतो आणि विषयपत्रिकेसोबत नगरसेवकांना जातो. 'गोषवाऱ्याप्रमाणे मंजूर' म्हणजे खात्याने मागितलं तसंच दिलं. 'उपसूचनेसह मंजूर' म्हणजे प्रस्ताव मंजूर, पण एका सदस्याने सूचक म्हणून आणि दुसऱ्याने अनुमोदक म्हणून सही करून त्यात बदल सुचवला आणि तो बदलही मंजूर. हा बदल एका कागदावर लिहून नगरसचिवांच्या टेबलावर दिला जातो. तो मोठ्याने वाचावा अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात 'वाचली असे समजण्यात यावे'.

तेव्हा तुमचा 23 नंबर तहकूब झालेला नाही. मंजूर झालाय, उपसूचनेसह. मागे ओरडणाऱ्याने मतदान मागितलं असतं तर गोष्ट वेगळी. हात वर करून मोजणी झाली असती, कोण कुठल्या बाजूला ते नोंदलं गेलं असतं. नुसतं ओरडणं आम्ही कंसात एका ओळीत लिहायचो: (सभागृहात गोंधळ). अर्धा तास आरडाओरडा झाला तरी तेवढीच ओळ.

आणखी दोन शब्द ऐकाल. 'दप्तरी दाखल' म्हणजे विषय मेला, पण कोणाला वाईट वाटू न देता. 'प्रशासनाकडे फेरसादर' म्हणजे झोपवला, उठवणारा भेटला तर उठेल.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही गॅलरीत बसून काय ऐकलं याला शेवटी किंमत नाही. इतिवृत्तात, म्हणजे सभेच्या लेखी नोंदीत, काय उतरलं ते खरं. आणि सभा संपणं आणि इतिवृत्त तयार होणं यांच्या मध्ये दिवस असतात, कधी आठवडे. आम्ही दोन लघुलेखक पाळीपाळीने लिहायचो. नंतर टेप आला, मग संगणक. पण मूळ अडचण तीच राहिली. उपसूचना बोलली जात नाही, कागदाने येते. कागद कधी आला, सभेच्या आधी, चालू असताना की नंतर, ते टेप सांगत नाही.

एक प्रसंग सांगतो. एका रस्त्याच्या रुंदीकरणाचा विषय, गोषवाऱ्यात रस्त्याचं नाव आणि लांबी स्पष्ट. सभेत मंजूर झाला, मी तसं लिहून टंकायला दिलं. चौथ्या दिवशी उपसूचना माझ्यासमोर आली, त्यात तीनच शब्द वाढवलेले: 'व लगतच्या रस्त्यांचे'. लगतच्या म्हणजे कुठल्या? किती? साहेबांना विचारलं. ते म्हणाले, 'तुझं काम लिहिण्याचं.' लिहिलं. पुढच्या सभेत पहिला विषय आला, 'मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे'. नेहमी हा विषय ज्या वेगाने जातो, त्याच वेगाने गेला. 'कायम, कायम.' पुढची दोन वर्षं त्या तीन शब्दांखाली किती बिलं निघाली ते मी मोजलं नाही. अजूनही कुठल्या ठरावात लगतच्या दिसलं की मी चष्मा पुसून पुन्हा वाचतो.

म्हणून सांगतो, सगळे जण ज्या विषयाला चहा प्यायला बाहेर जातात तो पहिला विषय, इतिवृत्त कायम करण्याचा. ठरावाची नोंद चुकीची असेल तर हरकत घ्यायची रीतसर जागा तीच. तुमच्या नगरसेविकेला पुढच्या सभेआधी गाठा. म्हणावं, तुम्ही काही करू नका, फक्त उभं राहून विचारा: 'विषय 23 ची उपसूचना वाचून दाखवा.' एवढं वाक्य. वाचून दाखवावीच लागेल.

तुम्हाला बोलता येईल का? नाही. सभा जनतेला खुली असते, पण प्रेक्षकाला बसायचा हक्क आहे, बोलायचा नाही. स्वीकृत (निवडून न येता नेमलेल्या) सदस्यांनासुद्धा बोलता येतं पण मत नसतं, तुम्ही आम्ही तर वरच्या गॅलरीतले.

कागद मिळवण्याचं: नगरसचिव कार्यालयात जाऊन ठराव क्रमांक आणि उपसूचनेची प्रत मागा. टाळाटाळ झाली तर माहिती अधिकार, 10 रुपये शुल्क, 30 दिवसांची मुदत, प्रतीला पानामागे 2 रुपये. 2005 च्या त्या कायद्याच्या कलम 4 मध्ये तर असं आहे की कुठल्या समित्यांच्या सभा लोकांना खुल्या आहेत आणि त्यांची इतिवृत्तं लोकांना पाहता येतात का, हे कार्यालयाने न मागता जाहीर करायचं. हे कलम तोंडी सांगा. कारकून बिचारा दचकतो, पण कपाट उघडतो.

आणि शेवटचं, ज्यामुळे तुम्हाला रात्री झोप लागेल. कलम 37 चा ठराव मंजूर होणं म्हणजे मैदान गेलं असं नाही. त्या ठरावाने फक्त फेरबदलाची प्रक्रिया सुरू होते. पुढे राजपत्रात आणि वर्तमानपत्रात नोटीस निघते, हरकती-सूचनांना जास्तीत जास्त एक महिना मिळतो, हरकत घेणाऱ्यांची सुनावणी होते आणि मग प्रस्ताव मंजुरीसाठी शासनाकडे जातो. सभेत तुम्हाला बोलता आलं नाही, सुनावणीत येईल. ती नोटीस चुकवू नका. ती मोठ्या अक्षरात येत नाही.

पहिलीच_टर्म

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. एका छोट्या नगरपरिषदेत नगरसेविका आहे, पहिल्यांदाच. आमचं मतदान 2 डिसेंबरला झालं आणि निकालासाठी 21 तारखेपर्यंत थांबावं लागलं. त्या एकोणीस दिवसांत माझं चार किलो वजन उतरलं, ते जाऊ दे.

लघुलेखक काकांनी लिहिलेलं वाचून माझेच कान गरम झाले. 'कायम, कायम' मी पण म्हटलंय. पहिल्या सभेत तर शेजारच्या काकूंनी हात वर केला म्हणून मी केला. डॉकेट सभेच्या सात दिवस आधी यायला हवं हे बरोबर. येतंही. पण त्यात गोषवारे अर्धेच असतात, बाकीचे 'सभेपूर्वी पुरवण्यात येतील'. मग आदल्या रात्री दहाला शिपाई गठ्ठा आणून देतो. त्यात लेखाशीर्ष, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता. मी बी.ए. मराठी आहे. पहिल्या वेळेस 'कार्योत्तर मंजुरी' हा शब्द वाचून मला वाटलं कामानंतर काही समारंभ असतो. काम आधीच झालेलं असतं आणि आता फक्त हो म्हणायचं असतं, हे नंतर समजलं.

आमच्याकडे कायदा वेगळा, 1965 चा नगरपरिषदांचा. नगराध्यक्ष थेट लोकांतून निवडून येतो, तुमच्याकडे महापौर नगरसेवकांमधून. त्यामुळे आमच्याकडे नगराध्यक्ष एका गटाचा आणि सभागृहात बहुमत दुसऱ्याचं असंही होतं. आहेच तसं. मग काय मजा असते ते विचारू नका. मागच्या सभेत घंटागाड्यांच्या ठेक्यावर तीन तास भांडण, आणि स्मशानभूमीतल्या पत्र्यांच्या विषयावर एकमत. एका ज्येष्ठांनी म्हटलं, तिथे तरी सगळ्यांना जायचंच आहे.

एक गोष्ट मात्र नक्की सांगते. आमची प्रेक्षकांची बाकं रिकामी असतात. फेब्रुवारीत दोन बायका येऊन बसल्या, पाणीपट्टीच्या विषयासाठी. हातात वही. काही बोलल्या नाहीत. त्या दिवशी प्रत्येक उपसूचना मोठ्याने वाचली गेली, सूचक-अनुमोदकांच्या नावासकट. नंतर चहाला सगळे एकमेकांना विचारत होते, त्या कोण होत्या, पत्रकार होत्या का. तुम्ही जाताय ते सोडू नका. वही घेऊन जा. खरोखर काही लिहिलं नाही तरी चालेल.

आमच्याकडे ठराव बेकायदा वाटला तर कलम 308 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे जाता येतं, ते अंमलबजावणी थांबवू शकतात. महापालिकेचं काय असतं?

निवृत्त_लघुलेखक

महापालिकेला कलम 451. ठराव निलंबित किंवा विखंडित (रद्द) करण्याचा अधिकार राज्य शासनाला. पण तिथे आपल्या अर्जाने फार हलत नाही. बहुतेक वेळा आयुक्तच प्रस्ताव पाठवतात, सभेने त्यांच्या मनाविरुद्ध काही केलं की. या ताईंच्या बाबतीत हरकतीचा मार्ग सोपा, घरचा, आणि मुदतीत बसणारा.

कार्योत्तरचा समारंभ आवडला. असतो समारंभ, पण बोलावणं आपल्याला नसतं.

प्रशासकांच्या काळाबद्दलही एक सांगतो, कारण पुष्कळ जण म्हणतात की तेव्हा बरं होतं, भांडणं नव्हती. भांडणं नव्हती कारण सभागृह नव्हतं. माझा एक कनिष्ठ तेव्हा नोकरीत होता. तो सांगायचा, प्रस्ताव ठेवणारे आयुक्त, स्थायी समितीही तेच, महासभाही तेच. सूचक तेच, अनुमोदक तेच. इतिवृत्त मात्र सुंदर यायचं, एकही खाडाखोड नाही.

चहा_घेऊन_या

451, 308, 37. लॉटरीचं तिकीट काढू का?

मैदानासमोरची

सगळ्यांचे आभार. काय झालं ते सांगते.

नगरसचिव कार्यालयात गेले. पहिल्या टेबलवरच्यांनी सांगितलं, इतिवृत्त तयार नाही, पंधरा दिवसांनी या. मी कलम 4 म्हटलं. ते दचकले नाहीत, काका, हसले. म्हणाले, 'मॅडम, तुम्ही लॅबमध्ये आहात ना? माझ्या आईचं रक्त तुम्हीच घेता.' आणि कपाट उघडलं. कायद्याचा विजय म्हणावा की सुईचा, कळत नाही.

उपसूचना साडेतीन ओळींची आहे. शब्दशः लिहीत नाही. पण वाहनतळ आहेच, आणि त्यापुढे 'तळमजल्यावर आवश्यकतेनुसार वाणिज्य वापर अनुज्ञेय करण्यात यावा'. म्हणजे गाळे. गोषवाऱ्यात याचा उल्लेखही नाही. काका, लगतच्या नाही, पण 'आवश्यकतेनुसार' आहे. कोणाच्या आवश्यकतेनुसार?

गोषवाऱ्यात क्षेत्रही सापडलं: मैदानाचा जवळजवळ अर्धा भाग. त्याला 'काही' म्हणतात.

नगरसेविकाताईंना प्रत दाखवली. त्यांनी दोनदा वाचली आणि गप्प झाल्या. अनुमोदक म्हणून खाली सही त्यांचीच आहे. म्हणाल्या, पक्षाच्या बैठकीत कागद फिरत होता, सगळ्यांनी केली. मला राग यायला हवा होता, पण त्यांचा चेहरा बघून आला नाही. पुढच्या सभेत वाचायला सांगतील का, विचारलं. 'बघते' म्हणाल्या.

पहिलीच_टर्म

'सगळ्यांनी केली' हे वाचून पोटात गोळा आला. मी आजपासून सही करताना तारीख आणि वेळ घालणार आहे. आमचे गटनेते म्हणतील, ही कोण मोठी लागून गेली. म्हणू देत.

निवृत्त_लघुलेखक

ताई, 'बघते' हे नाही पेक्षा बरं. त्यांनी सही केली आहे म्हणूनच त्यांनी विचारलं तर वजन पडेल. 'मी सही केली तेव्हा गाळ्यांची ओळ नव्हती' किंवा 'होती पण मला समजली नाही', दोन्हींपैकी खरं असेल ते बोलू देत. इतिवृत्तात आलं पाहिजे.

तुम्ही आतापासून हरकतीचा मसुदा करून ठेवा. भावनेचा परिच्छेद एकच ठेवा, तोही शेवटी. आधी लिहा: वापरात असलेलं मैदान, परिसरात दुसरं मैदान किती अंतरावर आहे, गोषवाऱ्यात नसलेला वाणिज्य वापर उपसूचनेने आणला. सुनावणीची मागणी स्पष्ट शब्दांत करा. प्रत्येक घराने स्वतंत्र हरकत द्यावी. एका अर्जाखाली शंभर सह्या असल्या तर यादीत तो एक अर्ज धरला जाण्याची भीती असते. आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, क्रमांकासह.

मैदानासमोरची

अडीच महिन्यांनी लिहितेय. धागा वर आणल्याबद्दल माफी.

पुढच्या सभेला मी वही घेऊन गेले. पहिलाच विषय, इतिवृत्त. 'कायम' म्हणायला सुरुवात झाली आणि ताई उभ्या राहिल्या. आवाज थरथरत होता. 'विषय 23 ची उपसूचना वाचून दाखवा.' नगरसचिवांनी वाचली. गाळ्यांची ओळ आली तेव्हा विरोधी बाजूच्या एकाने विचारलं, हे कधी ठरलं? पुढची वीस मिनिटं गोंधळ. कंसातला. इतिवृत्त शेवटी कायमच झालं, पण ताईंचा आक्षेप नोंदवून.

नोटीस परवा पेपरात आली. सातव्या पानावर, नाव बदलल्याच्या जाहिरातींच्या खाली. माझ्या सासऱ्यांना सापडली, ते रोज शब्दकोड्यासाठी तेच पान उघडतात. गाळ्यांची ओळ नोटिशीत आहेच. आतापर्यंत 41 घरांच्या हरकती टाईप झाल्या आहेत. दुसऱ्या मैदानाचं अंतर पोरांनी चालत जाऊन मोजलं: त्यांच्या पायांनी 22 मिनिटं, मध्ये हायवे.

काका, एक विचारायचं होतं. आवक विभाग म्हणतो एका वेळी दहाच अर्ज घेऊ. असा काही नियम आहे का?

निवृत्त_लघुलेखक

मी तरी असा नियम पाहिलेला नाही. दहा-दहा जणांनी रांगेत उभं राहा. मी उद्या येऊ का, तुमच्या गावाला बस कुठून मिळते ते सांगा.